पोटात पोहोचलेली दारू आणि फिट्झरॉयच्या बायका

पाच फोटो असलेलं एक लहानसं कार्ड असतं. प्रत्येक फोटोत नाकाच्या खालपासून वरच्या ओठापर्यंतचा भाग दिसतो. पहिल्या फोटोत नाकाखालची उभी पन्हळ ठळक आहे आणि ओठ भरलेला. पुढच्या फोटोंमध्ये पन्हळ पुसट होत जाते, ओठ बारीक होत जातो. पाचव्यात ती जागा अगदी सपाट. डॉक्टर हे कार्ड मुलाच्या गालाशेजारी धरतात. ओठ मिटून, न हसता बसायला सांगतात, कारण हसलं की ओठ ताणला जातो आणि चांगली पन्हळही सपाट दिसते. मग पट्टी लावून डोळ्याची फट या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत मोजतात. आईच्या पोटात असताना दारूने बाळाला इजा केली होती का, याच्या चेहऱ्यावरच्या खुणा अशा शोधल्या जातात.

चेहरा घडतो फार लवकर. गर्भ राहिल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्याच्या पेशी आपापल्या जागी निघालेल्या असतात. पाळी चुकली म्हणून बाईच्या मनात नुकती शंका आलेली असते, किंवा तीही नसते. त्या दिवसांत भरपूर दारू पोटात गेली तर या पेशी मरतात आणि चेहऱ्यावर खूण राहते. मेंदू मात्र नऊही महिने घडत असतो. म्हणून चेहरा अगदी चारचौघांसारखा आणि इजा फक्त मेंदूला, अशी मुलंच जास्त असतात. ही मुलं सहसा कोणाच्या लक्षात येत नाहीत. शाळेत त्यांना 'ढ', 'हट्टी', 'ऐकतच नाही' म्हणतात. काल पाठ झालेला पाढा आज आठवत नाही, तीन गोष्टी एकदम सांगितल्या तर पहिलीच होते, केल्याचे परिणाम काय होतील ते आधी उमगत नाही. या सगळ्या प्रकारांना मिळून 'फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर', थोडक्यात एफएएसडी, म्हणतात. हे आयुष्यभर सोबत राहतं.

वार बाळाला बऱ्याच गोष्टींपासून वाचवते, पण दारूपुढे तिचं काही चालत नाही. दारूचा रेणू लहान, पाण्यात सहज मिसळणारा. आईच्या रक्तात दारूचं जेवढं प्रमाण, जवळपास तेवढंच थोड्या वेळात बाळाच्या रक्तात होतं. आईचं यकृत दारू मोडून काढतं, बाळाचं यकृत अजून त्या कामाला तयार नसतं. शिवाय दारू गर्भजलात उतरते आणि बाळ तेच पाणी गिळत असतं. त्यामुळे आईची नशा उतरली तरी बाळाची सुटका लगेच होत नाही. वाइन, बिअर, व्हिस्की, हातभट्टी, सगळ्यांत अल्कोहोल तेच, आणि गरोदरपणात 'एवढी चालते' अशी सुरक्षित मात्रा आजवर कोणाला सांगता आलेली नाही.

फ्रान्समधल्या नाँत शहरात पॉल लमवान या डॉक्टरांनी १९६८ मध्ये अशा १२७ मुलांचं वर्णन छापलं, त्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. १९७३ मध्ये सिएटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी याला नाव दिलं. १९८१ मध्ये अमेरिकी सरकारने गरोदर बायांना दारू टाळण्याचा सल्ला दिला, १९८९ पासून तिथे बाटलीवर तसा इशारा आला. इशारा हवाच. पण तो वाचून सहज थांबते ती बाई, जिला थांबणं मुळातच फार जड नसतं. जिच्या घरात रोज मारहाण आहे, जिचं सगळं गाव पितं, तिला बाटलीवरच्या चार ओळी कितपत पुरणार?

या प्रश्नाला मला माहीत असलेलं सर्वांत खणखणीत उत्तर ऑस्ट्रेलियाच्या वायव्य टोकाला, किंबर्ली प्रदेशातल्या फिट्झरॉय क्रॉसिंगमधून आलं. ब्रूमच्या किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटर आत, नदीकाठचं हे छोटं गाव. आजूबाजूच्या खोऱ्यात बुनुबा, वालमाजारी, गूनियांडी अशा आदिवासी समाजांच्या वस्त्या विखुरल्या आहेत. जमिनी गेल्या, घरं तुटली, दारू मात्र मुबलक आली. त्या काळात गावात एकामागून एक आत्महत्या होत होत्या आणि बायका मयतीवरून मयतीला जात होत्या. २००७ मध्ये खोऱ्यातल्या बायका एकत्र बसल्या आणि त्यांनी मागणी केली: दुकानातून घरी न्यायची कडक दारू बंद करा. त्यांच्या मारनिनवार्न्टिकुरा या महिला केंद्राच्या जून ऑस्कर आणि एमिली कार्टर पुढे उभ्या राहिल्या. गावातूनच विरोध झाला, तरी त्या हटल्या नाहीत. ऑक्टोबर २००७ पासून २.७ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेली दारू बाहेर नेण्यावर बंदी आली.

आपल्याकडे हे वाचताना 'उभी बाटली, आडवी बाटली' आठवल्याशिवाय राहत नाही. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद, ही महाराष्ट्रातली रीत. पण फिट्झरॉयच्या बायका दुकानाशी थांबल्या नाहीत, आणि मला त्यांचं मोठेपण इथे दिसतं. गावातला गोंधळ शांत झाल्यावर त्यांनी मुलांकडे पाहिलं. ही नातवंडं शिकत का नाहीत? वाड-वडिलांच्या गोष्टी, गाणी, भाषा तोंडी पुढे देणाऱ्या समाजात लेकरांच्या लक्षातच राहत नसेल, तर पुढे द्यायचं कोणाला? उत्तर आपल्याच अंगावर येणार, हे ठाऊक असूनही त्यांनी तो प्रश्न विचारला.

त्यांनी बालरोगतज्ज्ञ एलिझाबेथ इलियट यांच्यासारख्या संशोधकांना स्वतः बोलावलं. या अभ्यासाचं नाव 'लिलिलवान', तिथल्या क्रिओल बोलीत 'सगळी चिल्लीपिल्ली'. २००२ आणि २००३ मध्ये जन्मलेली, खोऱ्यात राहणारी सगळी मुलं, म्हणजे १३४. त्यांपैकी १२७ मुलांच्या घरच्यांनी होकार दिला. शंभरात ९५ घरं 'हो' म्हणतात, तेही 'गरोदर असताना किती प्यायचीस?' असं विचारणाऱ्या अभ्यासाला! हे घडलं कारण विचारणारी गावातलीच माणसं होती, आणि निदान झालं की मदतही मिळेल हे आधी ठरलं होतं. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा आणि हालचालींचे उपचारक असा चमू लांबच्या वस्त्यांपर्यंत गेला. निम्म्याहून अधिक आयांनी त्या गरोदरपणात दारू घेतली होती, बहुतेकींनी धोकादायक प्रमाणात. दर १००० मुलांमागे १९४ मुलांना एफएएसडी निघाला. आकडा हादरवणारा होता. तो गावाने लपवला नाही, स्वतःच्या नावाने जगापुढे मांडला.

मग प्रतिबंधाची मोहीम आली. दवाखान्यात प्रत्येक गरोदर बाईला न चुकता, न रागावता विचारणं, नवऱ्यांना आणि आज्यांना त्यात घेणं. 'तू पिऊ नकोस' असं एकटीला सांगण्यापेक्षा 'तिच्यासमोर आपण कोणी प्यायची नाही' हे घराने ठरवणं. २०१० ते २०१५ या काळात गरोदरपणात दारू घेतल्याचं सांगणाऱ्या बायकांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं.

उलटा अनुभवही नोंदलेला आहे. अमेरिकेतल्या काही राज्यांनी गरोदरपणी पिणं म्हणजे मुलाचा छळ असं कायद्यात लिहिलं. संशोधकांनी तपासलं तेव्हा अशा धोरणांशी कमी वजनाची बाळं आणि कमी तपासण्या यांचं नातं आढळलं. साधी गोष्ट आहे: मूल काढून घेतील या भीतीने बाई दवाखान्याचं दारच टाळते. शिवाय दोष एकटीचा तरी कसा? दक्षिण आफ्रिकेत केप भागातल्या द्राक्षमळ्यांवर मजुरीचा काही भाग वाइनच्या रूपाने देण्याची 'डॉप' पद्धत पिढ्यान् पिढ्या चालली. कायद्याने ती बंद झाली, सवय मागे राहिली, आणि जगात एफएएसडीचं सर्वाधिक प्रमाण जिथे मोजलं गेलं त्यांत तो भाग येतो. ती सवय मजूर बाईने घरून आणलेली नव्हती.

आपल्याकडे या विषयावर बोलणंच कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या बायकांत दारू घेणाऱ्या देशात १.३ टक्के, महाराष्ट्रात ०.४, गोव्यात ५.५, तर अरुणाचलात २४ टक्क्यांच्या वर. घरात सासू-सासरे असताना दारात आलेल्या अनोळखी माणसाला किती जणी खरं सांगतील, याचाही विचार हे आकडे वाचताना करावा. आपल्या बाटल्यांवर दारू आरोग्याला घातक असल्याचा आणि पिऊन गाडी न चालवण्याचा इशारा असतो, पोटातल्या बाळाचा उल्लेख त्यात नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये २०२३ पासून तो सक्तीचा आहे. आपल्याकडे गरोदर बाईचं वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन न चुकता बघतात, तसाच दारूचा प्रश्नही प्रत्येकीला विचारला जावा असं मला मनापासून वाटतं. 'ही तशी वाटत नाही' म्हणून कोणालाही न वगळता. आणि न कळता आधी घेतली गेली असेल, तर आज थांबण्यानेही बाळाचा फायदा होतो, कारण मेंदू अजून घडतो आहे, हे तिला त्याच वेळी सांगावं.

जी मुलं आधीच जन्मली आहेत त्यांचं काय? सिएटलच्या ॲन स्ट्रायसगुथ यांच्या पाहणीत दिसलं होतं, की लवकर झालेलं निदान आणि शांत, स्थिर घर मिळालं तर शाळा अर्धवट सुटणं, पोलिसांच्या कचाट्यात सापडणं असे पुढचे धोके बरेच कमी होतात. शाळेतल्या बाईंना एकदा कळलं की हे पोर मुद्दाम करत नाही, की वर्ग बदलतो. 'दप्तर ठेव, वही काढ, फळ्यावरचं उतरव' असं एका दमात म्हणायचं नाही. आधी फक्त 'दप्तर ठेव'. ते झालं की 'वही काढ'. भिंतीवर दिवसाचा क्रम चित्रांत लावायचा आणि तो रोज तोच ठेवायचा.

फिट्झरॉय खोऱ्यातल्या शाळांमध्ये मुलांना स्वतःचं शरीर इंजिनासारखं समजायला शिकवण्याचा एक कार्यक्रम राबवला गेला. इंजिन कधी फार जोरात पळतं, कधी मंद होतं, कधी अगदी बरोबर चालतं. जोरात पळत असेल तर काहीतरी चावायचं, भिंत ढकलायची, जड वस्तू उचलून न्यायची, म्हणजे ते खाली येतं. पूर्वी बाक ढकलून वर्गाबाहेर पळणाऱ्या मुलाला आता बाईंजवळ जाऊन सांगता येतं, की माझं इंजिन फार जोरात चाललंय.