कोचीसेची हवा

७ ऑक्टोबर १९७० रोजी मेक्सिको सिटीच्या ट्रॅकवर कोलंबियाच्या मार्तिन एमिलियो रोद्रिगेसने तासभर एकट्याने सायकल दामटली आणि साडेसत्तेचाळीस किलोमीटरहून थोडं जास्तच अंतर कापलं. हौशी सायकलपटूंमधला तो जागतिक विक्रम. त्याच्या देशात त्याला सगळे ‘कोचीसे’ म्हणत. हे खरं तर अपाची लोकांच्या एका सरदाराचं नाव, पण ते याला कायमचं चिकटलं.

विक्रमासाठी मेक्सिको गाठण्यामागे हिशेब होता. सपाट ट्रॅकवर ताशी ४५ किलोमीटरने जाताना सायकलस्वाराची जवळजवळ ९० टक्के शक्ती समोरची हवा बाजूला सारण्यात खर्ची पडते. त्यात ही शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत जाते. वेग ४५ वरून साडेसत्तेचाळीसवर न्यायचा, तर सुमारे १८ टक्के जादा जोर लावावा लागतो. वर्षानुवर्षं घाम गाळलेल्या खेळाडूच्या पायांत एवढी शिल्लक कुठून असणार? मग हवाच विरळ असेल अशी जागा शोधायची.

मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २२४० मीटर उंच आहे. तिथल्या हवेची घनता वीस टक्क्यांहून जास्त कमी भरते. तेवढ्याच जोरात वेग सात-आठ टक्क्यांनी वाढायला हवा. पण विरळ हवेत ऑक्सिजनही कमी, त्यामुळे दम लवकर लागतो. इथे मात्र तेच घनाचं गणित स्वाराच्या मदतीला येतं: शक्ती १० टक्क्यांनी घटली, तरी वेग साडेतीन टक्क्यांच्या आसपासच उतरतो. जमाखर्चाअंती फायदाच उरतो. कोचीसे तर कोलंबियातल्या मेदेयीन शहराचा, म्हणजे सुमारे १५०० मीटर उंचीवर वाढलेला.

‘विरळ हवेने तारलं’ म्हणणाऱ्यांना उत्तर पुढच्याच वर्षी मिळालं. १९७१ मध्ये इटलीतल्या वारेसे इथे, मेक्सिकोपेक्षा कितीतरी दाट हवेत, तो ४ किलोमीटरच्या पाठलाग शर्यतीत हौशी जगज्जेता झाला. या प्रकारात दोघं ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंनी सुटतात. सायकलला ना ब्रेक, ना गिअर बदलायची सोय.

मला त्याहून नवल वाटतं ते ‘व्हुएल्ता आ कोलंबिया’चं. अँडीजच्या घाटांतली ही शर्यत त्याने १९६३, १९६४, १९६६ आणि १९६७ अशी चारदा जिंकली. चढावर वेग ताशी १५ वर आला, की हवेवर खर्च होणारी शक्ती ताशी ४५ च्या तुलनेत सत्ताविसाव्या हिश्शावर येते. तिथे झुंज स्वतःच्या वजनाशी. ट्रॅक आणि घाट, दोन्हीकडे पहिला येणारे स्वार फार थोडे.

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकला त्याला मुकावं लागलं, कारण तो हौशी उरला नाही असं ठरवण्यात आलं. मग तो व्यावसायिक झाला, बियांकी संघाकडून खेळला, १९७३ आणि १९७५ मध्ये ‘जिरो द’इतालिया’ या इटलीतल्या अनेक टप्प्यांच्या शर्यतीचा एकेक टप्पा जिंकला.

१९७३ मध्येच इटालियन सायकलपटू फेलिचे जिमोंदीच्या जोडीने त्याने ‘त्रोफेओ बाराक्की’ ही दोघांची शर्यत मारली. तिथे एकाने पुढे राहून हवा फोडायची, दुसऱ्याने त्याच्या चाकाला चिकटून श्वास घ्यायचा, आणि पुन्हा अदलाबदल. मागच्याची बरीच शक्ती वाचते, हे उघड आहे. गंमत अशी, की थोडी पुढच्याचीही वाचते: त्याच्या पाठीमागे तयार होणारा, त्याला मागे ओढणारा कमी दाबाचा पट्टा मागचा स्वार काही अंशी भरून काढतो.