डोलकाठीच्या तारा किती ताणाव्यात?

लहान शिडाच्या होडीवरची डोलकाठी तंबूच्या खांबासारखी असते. चहूबाजूंनी ओढून धरणाऱ्या तणाव्यांवर ती उभी राहते. पुढच्या तारेला फोरस्टे, मागच्या तारेला बॅकस्टे आणि दोन्ही कुशींच्या तारांना श्राउड म्हणतात. वारा नसताना या तारांना फारसे काम नसते, तरीही त्या आधीपासून चांगल्या ताणून ठेवतात. तार घट्ट असली की डोलकाठी मजबूत होते, असे त्याचे कारण सांगितले जाते. पण ते अर्धेच खरे आहे.

समजा, दोन्ही श्राउडमध्ये प्रत्येकी २०० किलो ताण आहे. वारा शिडात भरला की वाऱ्याकडच्या तारेचा ताण जितका वाढतो, साधारण तितकाच वाऱ्याआडच्या तारेचा कमी होतो, म्हणजे ढिली होत जाणारी तारही निम्मा भार उचलत असते. वाऱ्याची ओढ ४०० किलोंपर्यंत गेली, की एका तारेत ४०० किलो आणि दुसरीत शून्य ताण राहतो. तारा आधी ताणलेल्याच नसत्या, तरीही वाऱ्याकडच्या तारेवर ४०० किलोच आले असते. मात्र तेव्हा ती एकटीच काम करत असल्यामुळे डोलकाठी दुप्पट झुकली असती. थोडक्यात, आधीचा ताण डोलकाठीला ताकद देत नाही, ताठपणा देतो. सायकलच्या चाकातील बारीक आरे याच युक्तीवर भार पेलतात.

तार फार सैल असली, तर वाऱ्याआडची तार लोंबकळू लागते, प्रत्येक लाटेसरशी डोलकाठी झटके खाते आणि तारेच्या टोकांशी धातू थकत जातो. फोरस्टे सैल पडला तर पुढचे शीड फुगीर होते आणि होडी वाऱ्याच्या दिशेकडे नीट चढत नाही. उलट, ताण अवाजवी वाढवला तर तारा डोलकाठीला खाली दाबतात. सडपातळ खांब दाबाखाली मोडण्यापेक्षा आधी वाकतो, हे गणितज्ञ ऑयलरने अठराव्या शतकातच गणिताने दाखवले होते. आधाराविना उभ्या भागाची लांबी दुप्पट झाली, तर त्याची दाब सोसण्याची क्षमता चौथ्या हिश्शावर येते. डोलकाठीला मध्येच स्प्रेडर, म्हणजे श्राउडना बाहेर रेटून धरणाऱ्या आडव्या दांड्या, बसवतात ते यासाठीच.

योग्य ताण मोजायला महागडे उपकरण लागतेच असे नाही. ताण आणि लांबीतील वाढ एकमेकांच्या प्रमाणात असतात, हा रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये मांडलेला नियम आणि एक मोजपट्टी पुरते. हाताने घट्ट केलेल्या तारेला दोन मीटर लांबीची काठी वरच्या टोकाशी चिकटपट्टीने बांधावी आणि काठीचे खालचे टोक तारेच्या टोकावरील धातूच्या टोपणाला टेकवावे. टर्नबकल, म्हणजे तार आवळायचा आट्यांचा जोड, फिरवत गेल्यावर तिथे फट पडू लागते. १९ पदरी स्टेनलेस तारेत एक मिलिमीटर फट म्हणजे तुटण्याच्या भाराच्या सुमारे ५ टक्के ताण. श्राउडसाठी बहुधा १५ टक्के, म्हणजे तीन मिलिमीटर, ही सुरुवात चांगली. तार जाड असो वा बारीक, आकडा तोच राहतो, कारण जाडीबरोबर तुटण्याचा भार आणि ताणाला होणारा विरोध दोन्ही सारखेच वाढतात. दोन्ही बाजूंचे टर्नबकल आळीपाळीने, मोजून तितकेच फेरे फिरवावेत.

खरी परीक्षा मात्र पाण्यावरच होते. मध्यम वाऱ्यात होडी पंधरा-वीस अंश कलली असताना वाऱ्याआडची तार नुकतीच सैल पडू लागली, तर ताण बरोबर आहे. त्याआधीच ती लोंबू लागली, तर तीच सैल तार एक-दोन फेरे आवळावी, मग होडी वळवून दुसऱ्या बाजूलाही तेवढेच फेरे द्यावेत. भाराखालची तार फिरवू नये. स्टेनलेसचे आटे अशा वेळी एकमेकांत कायमचे अडकतात. त्यानंतर डोलकाठीच्या पायथ्याशी गाल टेकवून, शीड ज्या खाचेतून वर चढते तिच्या रेषेत नजर न्यावी. माथा एका अंगाला गेलेला दिसला, तर फेऱ्यांची मोजणी कुठेतरी चुकली आहे. सगळे जुळल्यावर टर्नबकलमध्ये स्प्लिट पिन घालून तिची टोके टेपने झाकावीत, नाहीतर शीड त्या टोकांना अडकून फाटते.