मल्टीबूट: एकाच हार्ड डिस्कवर अनेक जुन्या ऑपरेटिंग सिस्टिम

एकाच हार्ड डिस्कवर दोन किंवा अधिक ऑपरेटिंग सिस्टिम बसवून, संगणक सुरू करताना त्यांतली हवी ती निवडण्याच्या व्यवस्थेला मल्टीबूट म्हणतात. दोनच असतील तर ड्युअल बूट. एका वेळी चालते एकच. दुसरी हवी असेल तर संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. ही नोंद आयबीएम-सुसंगत पीसीवरच्या जुन्या मंडळींपुरती आहे: डॉस, विंडोज ९५ व ९८, विंडोज एनटी, २००० व एक्सपी, ओएस/२ आणि लिनक्स. यांतली जवळजवळ प्रत्येक जण सारा वाडा आपल्याच नावावर असल्याच्या थाटात उतरते. तेव्हा या बिऱ्हाडकरूंना एकमेकांच्या दाराला हात लावू न देणे, एवढेच मल्टीबूट करणाऱ्याचे काम. पण ते सोपे नाही.

सगळी मेख डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे मास्टर बूट रेकॉर्डमध्ये आहे. १९८३ साली आयबीएमचा पीसी एक्सटी १० मेगाबाइटच्या हार्ड डिस्कसह आला, आणि त्याच्या जोडीच्या पीसी डॉस २.० पासून ही मांडणी रूढ झाली. सेक्टर ५१२ बाइटचा. पहिल्या ४४६ बाइटांत एक छोटा प्रोग्रॅम, पुढच्या ६४ बाइटांत पार्टिशनांची, म्हणजे डिस्कच्या पाडलेल्या भागांची, यादी, आणि शेवटी दोन बाइटांची खूण. यादीत १६-१६ बाइटांच्या चारच नोंदी मावतात, म्हणून प्रायमरी पार्टिशन चारच. डॉस ३.३ च्या काळापासून (१९८७) त्यांतले एक 'एक्स्टेंडेड' करून त्याच्या पोटात हवे तितके लॉजिकल ड्राइव्ह पाडता येऊ लागले, पण डॉस आणि विंडोज ९५-९८ यांना सुरू होण्यासाठी प्रायमरीच लागते. संगणक सुरू झाला की बायोस (मदरबोर्डवरचा सर्वांत आधी चालणारा प्रोग्रॅम) हा पहिला सेक्टर उचलतो, त्यातला प्रोग्रॅम 'ॲक्टिव्ह' अशी खूण असलेले पार्टिशन शोधतो आणि त्याच्या पहिल्या सेक्टरच्या, म्हणजे बूट सेक्टरच्या, हाती कारभार देतो. सर्वांत जुना मल्टीबूट एवढाच होता: एफडिस्क हा पार्टिशन पाडणारा प्रोग्रॅम उघडायचा, ॲक्टिव्हची खूण दुसऱ्या पार्टिशनवर हलवायची आणि मशीन रीस्टार्ट करायचे.

प्रत्येक नोंदीतला पाचवा बाइट पार्टिशनची जात सांगतो. ०६ म्हणजे फॅट१६ (फाइली मांडण्याची डॉसची पद्धत, म्हणजे फाइल सिस्टिम), ८३ म्हणजे लिनक्स; ०७ मात्र ओएस/२ च्या एचपीएफएस या फाइल सिस्टिमचा आणि विंडोज एनटीच्या एनटीएफएसचा एकच, त्यामुळे नुसत्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. याच बाइटावर लपवाछपवी चालते. ०६ चे १६ केले की डॉसला ते पार्टिशन ओळखू येत नाही आणि तो त्याला ड्राइव्हचे अक्षर देत नाही. म्हणून दोन वेगळ्या विंडोज आपापल्या प्रायमरीत 'सी' ड्राइव्ह म्हणून सुखाने नांदू शकतात. ज्या वेळी जी नको ती लपवायची. ओएस/२ २.० बरोबर (१९९२) आलेला बूट मॅनेजर स्वतःसाठीच एक छोटे प्रायमरी पार्टिशन घेई. चारांतले एक निवड दाखवण्यातच खर्ची पडे.

बसवण्याचा क्रम ठरलेला आहे: जुनी आधी, नवी नंतर. त्यामागे कारण आहे. विंडोज ९८ बसताना बूट सेक्टर आपल्या मर्जीने लिहिते आणि आधी कोण राहत होते याची चौकशी करत नाही. विंडोज २००० आणि एक्सपी चौकशी करतात. आधीची डॉस किंवा ९८ सापडली तर तिचा बूट सेक्टर 'बूटसेक्ट डॉट डॉस' या फाइलीत जपून ठेवतात आणि निवडीच्या मेनूची यादी असलेल्या 'बूट डॉट आयएनआय'मध्ये तिच्या नावाची ओळ घालतात. एक्सपीचे घर मागे लॉजिकल ड्राइव्हमध्ये असले तरी या फाइली आणि एनटीएलडीआर (विंडोज सुरू करून देणारा प्रोग्रॅम) पुढच्या ॲक्टिव्ह पार्टिशनमध्येच राहतात. उलट्या क्रमाने, एक्सपीनंतर ९८ बसवली, की मेनू नाहीसा होतो आणि एक्सपीच्या सीडीवरून रिकव्हरी कन्सोल उघडून 'फिक्सबूट' द्यावे लागते. एक्सपीनंतर २००० बसवणेही असेच अंगाशी येते, कारण जुना एनटीएलडीआर नव्यावर बसतो आणि त्याला एक्सपी सुरू करता येत नाही.

लिनक्स शेवटी बसवतात. लिलो हा तिचा जुना बूटलोडर (सिस्टिम निवडून सुरू करणारा प्रोग्रॅम) आपल्या नावाची चार अक्षरे टप्प्याटप्प्याने पडद्यावर उमटवत जातो. एल आणि आय एवढीच उमटून तो थांबला, तर दुसरा टप्पा मेमरीत आला पण चालला नाही असे समजावे. बहुधा बायोस आणि लिलो यांचा डिस्कच्या मोजमापाबद्दल मेळ बसलेला नसतो. कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलून लिलो पुन्हा चालवायला विसरणे ही दुसरी नेहमीची चूक, कारण तो फाइलचे नाव न पाहता सेक्टरचे पत्ते लक्षात ठेवतो. नंतरचा ग्रब हा बूटलोडर फाइल सिस्टिम वाचू शकतो, म्हणून जास्त सोयीचा. त्यात मोजणीची गंमत आहे: जुना ग्रब पार्टिशन शून्यापासून मोजतो, ग्रब २ आणि बूट डॉट आयएनआय एकपासून. रात्री दोन वाजता हा फरक ध्यानात राहत नाही.

सगळ्यांना वाचता येईल अशी सामाईक जागा हवी असेल तर ती फॅट१६ ची, २ गिगाबाइटच्या आतली ठेवावी. फॅट३२ विंडोज ९५ च्या १९९६ मधल्या आवृत्तीपासून आली, डॉस ६.२२ ला ती दिसत नाही, आणि त्याच वर्षी आलेल्या एनटी ४.० लाही नाही. या सामाईक जागेवर डॉस ६ चे डीफ्रॅगसारखे (विखुरलेल्या फाइली सलग लावणारे) अवजार मात्र चालवू नये. विंडोज ९५ लांब नावे डिरेक्टरीतल्या जादा नोंदींत दडवते. जुन्या अवजारांना त्या कचरा वाटतात. लांब नावे गेली की फाइल शाबूत राहते, पण नावाची पहिली सहा अक्षरे आणि पुढे एक आकडा, एवढेच उरते.

त्याहून घातक आहे १३७ गिगाबाइटची मर्यादा. विंडोज ९८ चा मूळ डिस्क ड्रायव्हर सेक्टरचा पत्ता २८ बिटांतच लिहितो. मोठ्या डिस्कवर या हद्दीपलीकडे लिहायची वेळ आली की पत्ता गुंडाळला जाऊन सुरुवातीच्या सेक्टरांवर लिहिले जाते, आणि तिथेच बूट सेक्टर व फॅटचे तक्ते असतात. कसलाही इशारा मिळत नाही.

घड्याळाचा घोळ निरुपद्रवी, पण आपल्याकडे हमखास होणारा. मदरबोर्डवरचे घड्याळ विंडोज स्थानिक वेळेचे धरते, तर लिनक्सला ते जागतिक वेळेवर ठेवणे आवडते. मग सकाळी दहाला विंडोज साडेचार दाखवते. लिनक्सला घड्याळ स्थानिक वेळेवर असल्याचे सांगितले की प्रश्न मिटतो.

मराठी डीटीपीच्या धंद्यात या खटाटोपाला खरे कारण होते. श्री-लिपी, आयएसएम यांसारख्या पॅकेजांच्या जुन्या फाँटांचे संकेत आपापले होते; विंडोजमध्ये देवनागरी युनिकोड विंडोज २००० पासून आला. पेजमेकरमध्ये लावलेल्या जुन्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची तर जुने फाँट, जुना ड्रायव्हर आणि प्रिंटर पोर्टला लावायचा डाँगल (सॉफ्टवेअरच्या परवान्याची किल्ली) यांसह ९८ जिवंत ठेवणे सोपे पडे, आणि नव्या कामाला शेजारी एक्सपी.

नव्या मशीनवर हे सगळे अवघड झाले आहे. जीपीटी या पार्टिशनच्या नव्या मांडणीत चारऐवजी सहसा १२८ नोंदींची सोय असते, पण ९८ ला ती समजत नाही, आणि जुन्या बायोसची नक्कल करण्याची सोय अनेक नव्या मदरबोर्डांतून गेली आहे. बहुतेकांना व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा नकली संगणक) पुरते: प्रत्येक सिस्टिमला एक फाइल दिली की तीच तिची अख्खी डिस्क, भांडणाला जागाच नाही. पण आयसा या जुन्या प्रकारच्या स्लॉटमधले साउंड कार्ड किंवा प्रिंटर पोर्टवरून चालणारे यंत्र खरे हार्डवेअर मागते. असे जुने पीसी सांभाळणारे काही हौशी लोक आता हार्ड डिस्कच्या आयडीई केबलला कॉम्पॅक्टफ्लॅश मेमरी कार्डाचा ॲडॅप्टर जोडतात आणि प्रत्येक सिस्टिमसाठी वेगळे कार्ड ठेवतात. एकावर डॉस, दुसऱ्यावर ९८, आणि कार्डांवर पेनाने लिहिलेली नावे.