डोंगरगावच्या माशाचा खवला

आमच्या कोल्हापुरात मासळी बाजारात रोहू घेतला की मावशी शेपटीकडून डोक्याकडे सुरी फिरवतात आणि खवले चहूकडे उडतात. परवा त्यातला एक मी घरी आणला, धुतला आणि भिंगाखाली धरला. नखाएवढा, पारदर्शक, बोटात धरून वाकवला तर वाकणारा. त्यावर एकात एक बारीक वर्तुळं होती. मासा वाढेल तशी ती वाढत जातात.

मला मात्र दुसराच खवला आठवत होता. आपल्याच राज्यात, पार दुसऱ्या टोकाला, चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगाव आहे. तिथल्या 'लॅमेटा' नावाच्या जुन्या खडकांच्या थरांत सापडलेल्या माशांच्या अवशेषांचं वर्णन ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी 1908 साली केलं. त्यातल्या एका माशाला त्यांनी नाव दिलं 'लेपिडोस्टियस इंडिकस'. हा 'गार' (gar) नावाच्या शिकारी माशांच्या कुळातला. आज हे कूळ नैसर्गिकरीत्या फक्त उत्तर आणि मध्य अमेरिकेत, क्युबात उरलंय. डायनोसॉरांच्या शेवटच्या काळात ते आपल्या विदर्भातल्या पाण्यात पोहत होतं!

गारचा खवला रोहूसारखा वाकत नाही. आकाराने तो शंकरपाळीसारखा चौकट, जाड आणि टणक. आतला भाग हाडाचा आणि त्यावर चकचकीत थर 'गॅनॉइन'चा. आपल्या दातांवर एनॅमल असतं, त्याच जातीचा हा पदार्थ, जवळजवळ सगळा खनिजाचा. हे नुसतं दिसण्यातलं साम्य नाही. एनॅमल घडवणारी जनुकं आजच्या गारच्या कातडीतही काम करतात, असं 2015 साली दाखवलं गेलं. म्हणजे या माशाने अंगभर दातांचं कवच पांघरलं होतं, असं म्हटलं तरी चालेल. अमेरिकेतले मूळ रहिवासी गारचे खवले बाणांच्या टोकाला लावत, यावरून कठीणपणाची कल्पना येते.

एवढं हाडाचं चिलखत घालून मासा वळायचा कसा? खरी कारागिरी इथे आहे. एका खवल्याच्या कडेला छोटी खुंटी असते आणि शेजारच्या खवल्याला तिच्या मापाची खोबण. खुंटी खोबणीत बसते, तंतू त्यांना बांधून ठेवतात आणि खवल्यांची एक तिरकी रांग तयार होते. रांगेतले खवले असे घट्ट, पण एक रांग दुसरीवर कौलांसारखी जराशी चढलेली, त्यामुळे रांगांमध्ये हालचालीला वाव राहतो. अंग कुशीला वाकतं, पण चिलखताला फट पडत नाही. मला तर हे दागिने घडवणाऱ्याच्या हातचं काम वाटतं.

परांचीही तीच तऱ्हा. गारच्या परांच्या पुढच्या कडेवर काट्यांसारख्या छोट्या हाडांची ओळ असते. पाणी कापणाऱ्या कडेला ती बळकटी देते. आतल्या काड्या एकसंध नसतात, सांध्या-सांध्यांनी बनतात आणि टोकाकडे फुटत जातात. पाठीवरचा पर शेपटीजवळ सरकलेला, बरोबर खालच्या पराच्या वर. दबा धरून एका झेपेत भक्ष्य पकडणाऱ्याला जोर मागे लागतो. पाठीचा कणा शेपटीत शिरताना वर वळतो, ही जुनी ठेवण रोहूत बाहेरून दिसत नाही.

खडकात अख्खा मासा क्वचितच मिळतो. बहुतेकदा सुटे खवले आणि मणके हाती येतात. मणका पुढून फुगीर आणि मागून खोलगट असला की गारचा संशय पक्का. माशांत अशी घडण फार दुर्मीळ. खवल्यावरच्या गॅनॉइनवर सूक्ष्मदर्शकाखाली बारीक उंचवटे दिसतात. त्यांचा आकार आणि त्यांच्यातलं अंतर प्रजातीनुसार बदलतं, म्हणून एक सुटा खवलाही खूप काही सांगून जातो.

कोल्हापूरच्या पायाखाली मासा शोधून उपयोग नाही. अंबाबाईच्या देवळाचा काळा दगड, पन्हाळ्याचा कडा हे सगळं लाव्हा थिजून झालेलं. त्या उष्णतेत मासा कुठला टिकणार? पण वेळ जुळते. हा लाव्हा सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी ओतला जात होता, आणि डोंगरगावचा गार ज्या पाण्यात दबा धरून बसला होता, ते पाणीही साधारण त्याच काळातलं.