भात कापून दगडाला चकाकी येते

कोकणातल्या सड्यांवरची, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर कोरलेली कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सड्यावर न्यावं लागतं. "पांडवांनी एका रात्रीत कोरलं" हे आधीपासून होतंच, आता मोबाईलवरून परग्रहवासीही आलेत, म्हणजे इथली माणसं सोडून बाकी कोणीही चालतं! शिल्पांबद्दल सगळे बोलतात, पण सिंधुदुर्गात कोळोशीच्या गुहेत दगडी हत्यारं मिळाली त्यांच्याकडे कोणी बघत नाही, आणि मला त्यांचंच वेड. आपली जांभ्याची लाल माती आम्लधर्मी, त्यात हाडं, कातडं, लाकूड काही टिकत नाही, दगड तेवढा उरतो.

आता लोक आकार बघून ठरवतात, हा चाकू, ही तासणी. पण घरातली विळी बघा, तिच्यावर भाजी चिरतात, मासेही कापतात, नुसत्या आकारावरून काय कळणार? म्हणून धार बघायची, तिच्यावर वापराने पडलेल्या खुणा शोधायच्या. रशियात सेर्गेई सेम्योनॉव्हने हे काम पद्धतशीर केलं, त्याचं पुस्तक 1957 चं. युक्ती साधी आहे, तसाच दगड फोडायचा, त्याने स्वतः काहीतरी कापायचं, मग दोन्ही धारा मायक्रोस्कोपखाली शेजारी ठेवायच्या. ओरखडे धारेला समांतर असतील तर कापलंय, काटकोनात असतील तर खरवडलंय. हाडावर चालवला तर कड पायऱ्यापायऱ्यांनी तुटते. नुसतं मांस कापलं तर मात्र फार काही दिसत नाही.

पण खरी मजा गवताची, ते कापून दगडाच्या धारेला चमक येते, आणि भातही गवतच. मागच्या भातकापणीला मी एक गारगोटी फोडून शेतात उतरलो, काकी म्हणाली, "घरात विळा नाय काय रे?" दोन दुपारी कापलं आणि सगळं फुकट, कारण गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ, तो मुळातच चमकतो, त्यावर नवी चमक शोधणार कशी. मग कॅल्सेडनीचा, म्हणजे अकीकाच्या जातीचा दगड घेतला आणि पुन्हा तेच केलं, तेव्हा भिंगातून धारेलगत एक अरुंद, तेलकट पट्टा दिसला.

हे होतं कसं? भाताचं रोप पाण्यातून सिलिसिक आम्ल शोषतं आणि पानांच्या पेशींत ते ओपलच्या, म्हणजे काचेसारख्या कडक सिलिकेच्या रूपात साठवतं. पात हाताला कापते ती यामुळेच, आणि तुसाची राख केली तर तिच्यात 90 टक्क्यांच्या आसपास सिलिका निघते. पण ओपल हा कॅल्सेडनीपेक्षा थोडा मऊच, मग मऊ वस्तू कडक दगडाला पॉलिश कशी करते? इथे संशोधकांत भांडण आहे. एक गट म्हणतो की ही निव्वळ घासणी, दगडाचे सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात. दुसरा म्हणतो, घर्षणाची उष्णता, रोपातलं पाणी आणि आम्लं यांनी दगडाचा अगदी वरचा थर विरघळतो, जेलसारखा होतो आणि रोपाची सिलिका त्यात मिसळून पुन्हा घट्ट होते, म्हणजे दगड झिजतो असं नाही तर त्यावर थर चढतो. हिरव्या, ओल्या गवताने चमक लवकर येते, सुक्याने उशिरा, त्यामुळे मला दुसऱ्या गटाचं पटतं, पण नुसती घासणीसुद्धा ओल्यात वेगळी चालते, तेव्हा पक्कं बोलत नाही.

लॉरेन्स कीली आणि निकोलस टॉथ या संशोधकांनी 1981 मध्ये केनियातल्या कूबी फोराचे सुमारे 15 लाख वर्षांपूर्वीचे 56 छिलके, म्हणजे दगड फोडून निघालेल्या धारदार चिपा तपासल्या, त्यातल्या 9 वर वापराच्या खुणा मिळाल्या. कशावर मांसाच्या, कशावर लाकडाच्या, कशावर गवताच्या! अर्थात हे काम पोपटाने पत्ता काढल्यासारखं नाही. आपला दगड कशावर वापरलाय हे तपासणाऱ्याला न सांगता ओळखायला लावलं, तर कुठली कड वापरली ते बऱ्यापैकी कळतं, काय कापलं हे सांगताना चुका जास्त होतात, आणि 1986 मध्ये न्यूकमर वगैरेंनी घेतलेल्या अशा चाचण्यांचे निकाल तर इतके वाईट आले की बरीच वादावादी झाली.

शिवाय माती घासते, पाऊस धुतो, गुरं तुडवतात, त्यानेही खुणा पडतातच. म्हणून तिसरा छिलका गोठ्याच्या दारात पुरून ठेवलाय, खूण म्हणून वर चिरा ठेवला होता, तो काकीने उचलून वापरला. म्हणजे आता पावसाळा सरला की आधी छिलकाच शोधावा लागणार.