सेटलमेंटच्या तारेची पाटी

सोलापुरात रिक्षात बसून नुसतं ‘सेटलमेंट’ म्हटलं तरी पुरतं. कागदोपत्री नाव ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’. त्यातला ‘फ्री’ हा शब्द फार महागात पडलेला आहे.

इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि १९११ मध्ये तो देशभर लागू करण्याची सोय केली. पारधी, कैकाडी, टकारी, कंजारभाट, मांग गारुडी अशा जमातींत जन्मलेलं पोरही सरकारच्या लेखी संशयित ठरलं. त्यांच्यासाठी सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. रोज हजेरी, बाहेर जायचं तर पास, आणि राबायला कापडगिरण्या. गिरणगाव म्हणून आपण मिरवतो, तेव्हा या कामगारांची आठवण क्वचितच काढतो.

याच काळात संग्रहालयंही माणसांची नोंद ठेवत होती. एडगर थर्स्टन १८८५ मध्ये मद्रासच्या सरकारी संग्रहालयाचे प्रमुख झाले. दक्षिणेतल्या जातीजमातींच्या लोकांची डोकी, नाकं त्यांनी मोजली आणि मोजमापाची ही विद्या पोलिसांनाही शिकवली. म्हणजे काचेच्या कपाटावरची चिठ्ठी आणि ठाण्यातली नोंद या सख्ख्या बहिणीच. संग्रहालयांतून वसाहतवाद काढा, अशी मागणी होते ती यासाठी. निव्वळ वस्तू परत आणल्या की झालं, असं नाही. तरी परत आणणंही गरजेचंच. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाने २०२० मध्ये मानवी अवशेष प्रदर्शनातून काढले. तिथले आपल्या पूर्वजांचे अवशेष मायभूमीत यावेत म्हणून नागा समाज झटतो आहे.

मुंबई राज्यात हा कायदा १९४९ मध्ये गेला, देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे मात्र आले, आणि चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर जायची पोलिसांची सवयही राहिली.

गुजरातेत छोटा उदेपूर जिल्ह्यातल्या तेजगडच्या आदिवासी अकादमीतलं ‘वाचा’ संग्रहालय आदिवासींना सोबत घेऊन उभं राहिलं. सोलापुरात असं काही व्हावं, असं मला मनापासून वाटतं. फासेपारध्याचा फास घ्या. ‘शिकारीचे साधन’ एवढ्या पाटीने त्याचं काहीच सांगून होत नाही. तितर-लावा कुठल्या वाटेने येतात हे हेरून तो मांडायचा, हे ज्ञान त्यात आहे. आधी त्याच्या मालकालाच गुन्हेगार ठरवलं गेलं, पुढे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारही बंद झाली, हेही त्यात आहे. फास मांडता येणारी म्हातारी माणसं अजून आहेत. पाटी त्यांना विचारून लिहावी, आणि शेजारी त्या कुंपणाची तार ठेवावी.