शाहू महाराज, पण कुठले? साताऱ्याचे की कोल्हापूरचे?

चौथीतल्या भाचीने वहीत लिहिलं होतं, "शाहू महाराज औरंगजेबाच्या कैदेतून सुटले आणि त्यांनी राधानगरी धरण बांधलं." आधी खूप हसू आलं, पण पोरीचं तरी काय चुकलं, नाव एकच, दोघेही छत्रपती, आणि आपण मोठी माणसंसुद्धा नुसतं "शाहू महाराज" म्हणून मोकळे होतो.

तर साताऱ्याचे थोरले शाहू म्हणजे संभाजी महाराज आणि येसूबाईंचे चिरंजीव, जन्म 1682 चा. 1689 मध्ये रायगड पडला तेव्हा सात वर्षांचे असताना आईबरोबर मुघलांच्या कैदेत गेले ते औरंगजेब गेल्यावर, 1707 ला सुटले, म्हणजे अख्खं बालपण आणि तरुणपण छावणीत. बाळाजी विश्वनाथांना आणि मग पहिल्या बाजीरावांना पेशवाई दिली ती यांनीच.

राजर्षी शाहू जवळजवळ दोनशे वर्षांनंतरचे, 1874 चे, इंग्रजांच्या काळातले. जन्म कागलच्या घाटगे घराण्यातला, नाव यशवंतराव, 1884 ला कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. 1902 ला मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत 50 टक्के जागा राखून ठेवल्या, वसतिगृहं काढली, प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि धरण यांचं.

हे सांगताना "गादी" शब्द आला आणि भाची थांबली. म्हणे, "मावशी, गादीवरून भांडण का, दोन गाद्या शिवायच्या ना?" तिच्या डोळ्यासमोर कापसाची गादी! पण खरंच गाद्या दोनच झाल्या की, थोरल्या शाहूंचं त्यांच्या काकू ताराबाईंशी वाजलं, आणि 1731 च्या वारणेच्या तहाने सातारा वेगळं, कोल्हापूर वेगळं असं ठरलं. ज्या कोल्हापूरशी थोरल्या शाहूंचं भांडण त्याच गादीवर पुढे दुसरे शाहू आले, हे पुस्तकात शेजारी शेजारी ठेवून सांगितलं तर मुलं गोंधळणारच नाहीत असं मला मनापासून वाटतं.

मी तिला एवढंच धरायला सांगितलं, औरंगजेब किंवा पेशवे दिसले की सातारा, इंग्रज, शाळा, वसतिगृह दिसलं की कोल्हापूर.

मग तिची पुढची शंका, "राजर्षी म्हणजे ऋषी, मग ते जंगलात राहायचे का?" तर नाही, ती पदवी, 1919 ला कानपूरला कुर्मी समाजाने दिलेली. हे पटलं तिला. पण थोरल्या शाहूंचा जन्म माणगावजवळ गांगवलीचा आणि राजर्षी शाहू बाबासाहेबांसोबत 1920 च्या परिषदेला गेले तेही माणगावच, फक्त एक रायगड जिल्ह्यातलं आणि एक कोल्हापूरचं, हे ऐकल्यावर तिने पेन्सिलच खाली ठेवली.